मोठ्या बायकांना पोहायला कोणी शिकवावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी पंधरा दिवसांपूर्वी निरोप पाठविला की, यंदाच्या वर्धापनदिनी तुम्हीही काही बोला. मी म्हटले, "माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय बोलणार? फार तर लिंबाचे लोणचे सांगेन." त्या म्हणाल्या, "लोणचे आम्हालाही येते. तुम्ही या वयात पोहायला शिकलात, ते सांगा." तेव्हा मला नाही म्हणता आले नाही.

पण एक गोष्ट आधीच कबूल करते. मी काही मोठी पोहणारी नाही. पंचवीस मीटरचा तलाव एका खेपेला पार होतो, उताणे पडून तरंगता येते, आणि दम लागला तर न घाबरता काठाशी येता येते. एवढीच माझी विद्या. म्हणून मी माझ्या पोहण्याविषयी बोलणार नाही. मला शिकविणाऱ्यांविषयी बोलणार आहे. मला दोघांनी शिकविले. एकाजवळ मी तीन दिवसांत हरले आणि दुसरीजवळ दीड महिन्यात शिकले. पाणी तेच होते आणि मीही तीच होते. मग फरक कशाचा, याचा मी पुष्कळ विचार केला. तो विचार तुमच्यापुढे मांडते.

माझे माहेर खाप्याचे. कन्हान नदी आम्हाला अंगणासारखी. माझे दोघे धाकटे भाऊ सात-आठ वर्षांचे असतानाच पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकले. मी त्यांच्याहून मोठी. पण माझ्या वाट्याला काठावरचा दगड आणि धुण्याची बादली आली. मला कुणी मुद्दाम मना केले असेही नाही. मुलींनीही पोहावे, हे कुणाच्या मनातच आले नाही. धुणे आमचे, पाणी भरणे आमचे, गौरी शिरविणे आमचे. ज्या पाण्याशी आमचे रोजचे काम, त्याच पाण्याशी आमची ओळख नाही, अशी ही गंमत आहे.

२०२२ च्या आषाढात आम्ही घरची मंडळी धापेवाड्याला विठोबाच्या दर्शनाला गेलो होतो. नदीला पाणी चांगलेच होते. माझ्या जाऊबाईंचा सहा वर्षांचा नातू पाय धुवायला पायरीवर उतरला आणि घसरला. माझ्यापासून तो फार तर चार हात लांब होता. मैत्रिणींनो, तो ओरडला नाही. मला आजवर वाटत असे की बुडणारा माणूस हाका मारतो. तो नुसता तोंड वर करून पाण्याकडे हात आपटीत होता. मी हात लांब करून उभी होते आणि पाय पुढे टाकण्याचे धैर्य मला होत नव्हते. शेजारच्या एका वारकरीबुवांनी पताकेची काठी पुढे केली, पोराने ती धरली आणि बुवांनी त्याला ओढून घेतले. सगळे मिळून मिनिटभराचे काम. पोरगा घरी येईपर्यंत सगळे विसरलाही. मी मात्र त्या रात्री झोपले नाही.

तेव्हा मी ठरविले की पोहायला शिकायचे. घरात सांगितले तर सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात कायले वो बाई? नातवंडं हासतीन." आमच्या यांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता विचारले, "फी किती?" म्हणजे परवानगी मिळाली, असे मी समजले.

माझी धाकटी बहीण नागपूरला असते. २०२३ च्या मे महिन्यात तिच्याकडे राहून मी एका तलावावर नाव घातले. त्या वर्षीपासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले होते, म्हणून रविवारी सावनेरला येऊन घरचे पाहणेही जमत होते. तिथले शिक्षक स्वतः पोहण्यात फार वाकबगार. पाण्यात शिरले की पाणी हलू नये असे पोहत. पण शिकविताना ते काठावर उभे राहत, हातात शिट्टी, आणि पाण्यात आम्ही तीस-पस्तीस लहानमोठी माणसे. त्यांचे एकच सांगणे असे: "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही." तिसऱ्या दिवशी मी काठावर उभी असताना त्यांनी मला मागून ढकलले. पाणी डोक्यावरून गेले. पायाला जमीन लागेना. नाकातोंडात पाणी गेले आणि कान भणभणले. त्यांनी लगेच बांबू पुढे करून मला बाहेर काढले. तेवढी दक्षता त्यांच्यापाशी होती. काठावरची मुले हसली. लाजेने मीही हसले. पण कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. महिन्याची फी बुडाली.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांनी शेकडो मुलांना असेच शिकविले असेल आणि ती मुले शिकलीही असतील. माझे भाऊ तरी कसे शिकले? पण लहान मूल आणि चव्वेचाळीस वर्षांची बाई यांत फरक आहे, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. मीही तेव्हा हेच समजले की दोष माझ्या वयाचा आहे. तो विषय मी सोडून दिला.

पुढच्या जानेवारीत वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायकांची नाव वैनगंगेत उलटली. सहा जणी गेल्या. मिरची तोडायला निघालेल्या! त्यांच्यासारख्या बायका आपल्याही शेतांत संत्री तोडायला येतात. ती बातमी वाचून मी बहिणीला फोन केला आणि म्हटले, "या उन्हाळ्यात दुसरा तलाव पाहून ठेव. जिथे बाई शिकवीत असेल, तिथे."

आता खरा विषय सुरू होतो. या दुसऱ्या शिक्षिका वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्या मला 'काकू' म्हणत आणि मी त्यांना 'मॅडम'. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला पाण्यात उतरूच दिले नाही. आम्ही दहा जणी होतो. आम्हाला काठावर बसवून त्यांनी एकेकीला विचारले: रक्तदाब आहे का, साखर आहे का, फेफरे येते का, दमा आहे का, कान फुटतो का, कुठली शस्त्रक्रिया झाली आहे का. एकीला त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यावरच या, असे सांगितले. मग विचारले, "पाण्यात तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?"

हा प्रश्न मला कुणीच कधी विचारला नव्हता. आणि पाहा, प्रत्येकीचे उत्तर निराळे. एकीला नाकात पाणी जाण्याची भीती. एकीला खालचे दिसत नाही त्याची. एक म्हणाली, मला पाण्याची नाही, लोक पाहतील त्याची भीती वाटते. मी म्हटले, "पायाला जमीन लागली नाही तर काय, याची." मॅडम म्हणाल्या, "काकू, लहान मुलाला पाणी काय करू शकते ते माहीत नसते. तुम्हाला माहीत आहे. ही भीती खोटी नाही. आपण तिच्यापासूनच सुरुवात करू."

आणि खरोखर त्यांनी तिथूनच सुरुवात केली. माझी भीती जमिनीची, म्हणून हातपाय मारण्याच्या आधी त्यांनी मला उभे राहायला शिकविले. हसू नका. पाण्यात पालथे पडल्यावर पुन्हा उभे राहणे ही एक विद्या आहे. गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही हातांनी पाणी खाली दाबायचे, मग डोके वर करायचे. पाय आपोआप खाली येऊन टेकतात. कमरेएवढ्या पाण्यात हे मी चार दिवस केले. हे येईपर्यंत मला वाटे की पडले म्हणजे बुडाले. हे आल्यावर कळले की पडले तरी उठता येते. माझी अर्धी भीती तिथेच गेली.

दुसरी गोष्ट श्वासाची. आपण पाण्यात तोंड घातले की श्वास कोंडून धरतो. मग वर आल्यावर आधी जुना श्वास सोडायचा आणि लगेच नवा घ्यायचा, एवढा वेळ कुठे असतो? म्हणून माणूस धापा टाकतो आणि घाबरतो. पाण्यात असतानाच नाकातोंडाने श्वास सोडायचा, बुडबुडे काढायचे, आणि वर येऊन नुसता घ्यायचा. त्यांनी प्रत्येक गोष्टीचे असे कारण सांगितले. छातीत हवा असते म्हणून शरीर तरंगते. डोके वर काढून ठेवले की पाय खाली जातात. म्हणून डोके पाण्यात ठेवा. लहान मूल 'का' न विचारता करते. मोठ्या माणसाला 'का' कळले की त्याचे अंग ऐकते. मी घरी बादलीत तोंड घालून बुडबुडे काढण्याचा सराव केला, तेव्हा बहिणीच्या मुलांची चांगली करमणूक झाली.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. आपण मुलांना सायकल शिकविताना मागून धरतो आणि न सांगता हात सोडतो. मूल पुढे जाते आणि मग आपण टाळ्या वाजवितो. पोहण्यातही पुष्कळ जण असेच करतात. आमच्या मॅडमनी एकदाही तसे केले नाही. त्या स्वतः पाण्यात आमच्याजवळ उभ्या राहत. माझ्या पाठीखाली हात असे. त्या म्हणत, "काकू, आता मी तीन आकडे मोजून हात काढणार आहे. मी इथेच आहे." तीन झाले की हात काढीत, आणि "धरा" म्हटले की धरीत. पहिल्यांदा मी अर्ध्या क्षणात "धरा" म्हटले. दहाव्यांदा म्हटलेच नाही. न सांगता हात सोडला असता तर कदाचित मी चार दिवस आधी तरंगले असते. पण पुन्हा त्या हातावर माझा विश्वास बसला नसता.

एकदा त्यांचेही चुकले. दुसऱ्या जणींबरोबर त्यांनी मला खोल बाजूला नेले. माझी तयारी तेवढी नव्हती. मी मधेच घाबरून त्यांच्या गळ्याला मिठी मारली. त्यांनी मला सांभाळून काठाशी आणले आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "काकूंचे चुकले नाही, माझी घाई झाली." पुढचे पाच दिवस त्यांनी मला उथळातच ठेवले आणि त्याबद्दल कमीपणा वाटू दिला नाही. एवढ्या लहान वयात असे म्हणणे सोपे नाही. आपण सासवा झालेल्या बायका तरी कितीदा म्हणतो?

बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत. त्या एका वेळी एकच चूक सांगत. पाच चुका एकदम सांगितल्या तर माणूस पाचही करतो. खोटी वाहवा करीत नसत. आमच्या वेळेला तलावावर पुरुष माणूस नसेल हे पाहत. महिन्यातल्या अडचणीच्या दिवसांत यायचे की नाही, हे आमच्यावर सोपवीत आणि गैरहजेरीचे कारण विचारीत नसत. सुती साडी भिजली की जड होते आणि पायात अडकते, म्हणून पोहण्याचा अंगभर पोशाख घ्यायला लावला. पण तो कसा असावा याबद्दल कुणाची थट्टा होऊ दिली नाही.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी एक धडा दिला, तो तुम्हा सर्वांच्या उपयोगाचा आहे, पोहता येवो न येवो. मी त्यांना धापेवाड्याची हकीकत सांगितली आणि म्हटले, "आता मी उडी टाकू शकेन." त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मुळीच नाही. तलाव म्हणजे नदी नव्हे. तिथे ओढ असते, गाळ असतो. बुडणारा माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो आणि दोघे जातात. त्या वारकरीबुवांनी जे केले तेच बरोबर." काठावर आडवे पडून काठी, दोर, ओढणी, साडी पुढे करायची, रिकामी कॅन किंवा हवा भरलेली ट्यूब टाकायची, आणि माणसे बोलवायची. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगू नये, पोट दाबू नये. त्यात वेळ जातो. त्याच्या तोंडात तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि १०८ ला फोन लावावा. हे त्यांनी आम्हाला बाहुलीवर करून दाखविले आणि आमच्याकडून करून घेतले.

ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूतील पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टरै येथे तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून बुडणाऱ्या मुलांकडे फेकल्या होत्या. चार मुलांपैकी दोघे त्यांनी वाचविले. लाजेपेक्षा जीव मोठा, हे त्या बायकांना क्षणात कळले. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात बुडून मेलेल्यांची सरकारी नोंद ३८ हजारांच्या वर आहे. तेव्हा हा विषय श्रीमंतांच्या हौसेचा आहे, असे कुणी समजू नये.

'पण वय झाले,' असे ज्या म्हणतात त्यांना मी दोन नावे सांगते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. त्यानंतर त्यांनी पोहणे हाती घेतले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. दुसरे नाव आपल्या जवळचे. अमरावतीच्या कांचनमाला पांडे जन्मापासून अंध. नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत नोकरी करीत असताना त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिकोतील जागतिक पॅरा-जलतरण स्पर्धेत २०० मीटर मिश्र प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्यांच्या गटात कोणालाच भिंत दिसत नाही. म्हणून तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा असतो. त्याच्या हातात मऊ टोकाची लांब काठी असते. पोहणारा भिंतीजवळ आला की तो काठीने हलकेच स्पर्श करतो. तो आधी टोचत नाही, उशीर करीत नाही, आणि त्याच्याऐवजी पोहतही नाही. ते वाचले तेव्हा मला आमच्या मॅडमच आठवल्या.

तर मैत्रिणींनो, तुम्ही किंवा तुमच्या सुना-मुली शिकायला जाल, तेव्हा शिक्षक स्वतः किती पदके मिळवून आहे हे नंतर विचारा. आधी एक दिवस काठावर बसून पाहा. तो प्रकृती विचारतो का? भित्र्या माणसाशी कसा बोलतो? तो पाण्यात असतो की नुसता काठावर? एकावर किती जण आहेत? कुणाला न सांगता ढकलतो का? जीव वाचविण्याचे शिक्षण त्याने घेतले आहे का? आणि तुमच्या पायाला जमीन केव्हा लागेल, हे तो तुम्हाला आधी सांगतो का? एवढे पाहून मगच फी भरा. माझ्यासारखी आधी भरू नका.

मंडळाला माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, येत्या उन्हाळ्यात आपण दहा-बारा जणी मिळून नागपूरच्या एखाद्या तलावावर बायकांची वेगळी वेळ मागू या. एकटीला नाही म्हणतात. दहा जणींना म्हणत नाहीत. दुसरी, आपल्यापैकी ज्यांच्या शेतात विहीर आहे, त्यांनी विहिरीशी एक जाड दोर आणि एक ट्यूब कायमची टांगून ठेवावी आणि घरातल्या मुलांना ती कशी टाकायची ते शिकवावे. याला ना फी लागते, ना पोशाख.

गेल्या आषाढात आम्ही पुन्हा धापेवाड्याला गेलो. जाऊबाईंचा नातू आता मोठा झाला आहे. मी त्याचा हात धरून पायरीवर उभी राहिले. पाण्यात उतरले नाही. मॅडमनी सांगितलेच होते. पण पिशवीत दोर होता. सासूबाईंनी तो पाहिला आणि काही न बोलता आपली पिशवी माझ्याकडे दिली, "ह्यातबी ठेव एक," म्हणून.